स्टिरिओचा आवाज बिघडतो तेव्हा



घरातला किंवा शाळेतला स्टिरिओ संच एके दिवशी एका बाजूने मुका होतो, किंवा गाणे लागण्याआधीच नुसता घुमायला लागतो. अशा वेळी आपल्याकडे तीन उपाय ठरलेले आहेत. पहिला, वरून एक थाप मारायची. दुसरा, व्हॉल्यूमचे बटण शेवटपर्यंत पिळायचे. आणि तिसरा, संच गोणपाटात गुंडाळून तालुक्याच्या गावी न्यायचा. थापेचा गुण कधीकधी येतो, हे मी नाकारत नाही. एखादा सैल झालेला सांधा तेवढ्यापुरता जुळतो आणि आवाज येतो. पण दोष कुठे होता ते कळत नाही, आणि चार दिवसांनी पुन्हा थाप मारावी लागते. आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे : दोष कुठे आहे हे पेटी न उघडता कसे ओळखायचे. दुरुस्तीचा प्रश्न त्याच्या पुढचा, आणि पुष्कळदा जागा सापडली की दुरुस्ती झाल्यातच जमा असते.

प्रथम या संचाची ओळख करून घेऊ. रिसीव्हर म्हणून जी पेटी ओळखली जाते, तिच्यात दोन यंत्रे एकत्र बसवलेली असतात. एक नभोवाणीच्या लहरी पकडणारे आणि दुसरे आवाज मोठा करणारे, म्हणजे ॲम्प्लिफायर. तबकडीयंत्र, कॅसेट डेक, सीडी, टीव्ही, मोबाइल हे सारे बाहेरून येऊन या पेटीला जोडायचे, आणि पेटीतून निघालेला आवाज दोन स्पीकरांतून ऐकायचा. १९७० आणि ८० च्या दशकांतले असे वजनदार संच आजही कितीतरी घरांत चालू आहेत. कुणी परदेशातून येताना आणलेले, कुणी जुन्या बाजारात घेतलेले. शाळांकडे माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आलेलेही असतात.

स्टिरिओ म्हणजे दोन वाटांचा आवाज. इंग्लंडमधल्या ॲलन ब्लमलाइन नावाच्या अभियंत्याने १९३१ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपल्याला दोन कान आहेत, म्हणून आवाज कोणत्या बाजूने आला हे कळते. तेव्हा आवाजही दोन वाटांनी मुद्रित करावा आणि दोन वाटांनी ऐकवावा, ही ती कल्पना. या वाटेला इंग्रजीत चॅनेल म्हणतात. चॅनेल म्हणजे कालवा, आपला पाटच म्हणा ना! आणि मला वाटते, आपल्या शेतकरी श्रोत्यांना हा शब्द जितका चटकन समजेल तितका शहरातल्या माणसालाही समजणार नाही.

शेवटच्या वाफ्याला पाणी पोचले नाही, तर शेतकरी काय करतो? तो विहीर उपसायला जात नाही. खांद्यावर फावडे टाकतो आणि पाटाच्या कडेने चालत जातो. पाणी कुठपर्यंत आले आहे आणि कुठून पुढे नाही, हे पाहतो. फुटलेली जागा या दोहोंच्या मधे असणार. स्टिरिओतही आवाजाचा पाट असाच असतो. तबकडीयंत्रातून किंवा मोबाइलमधून निघालेला आवाज तारेने पेटीच्या पाठीशी येतो, तिथून निवड करणाऱ्या बटणाकडे, तिथून व्हॉल्यूमकडे, मग आवाज मोठा करणाऱ्या भागाकडे, मग पाठीमागच्या टर्मिनलांवर, तिथून लांब तारेने स्पीकरकडे. शिवाय इथे एक सोय आहे, जी शेतात नसते. इथे अगदी एकसारखे दोन पाट शेजारी शेजारी वाहतात. एक फुटला तर दुसरा शाबूत असतो, आणि शाबूत पाटाच्या मदतीने फुटलेल्याची जागा शोधता येते.

हे करण्यापूर्वी मात्र बटणांकडे एकदा नजर टाकावी. दोन्ही बाजू ठार मुक्या असतील तर बहुधा एखादे बटणच दाबले गेलेले असते. जुन्या रिसीव्हरवर ‘टेप मॉनिटर’ नावाचे एक बटण असते. ते दाबले की संच पेटीतला आवाज बाहेर टेपरेकॉर्डरकडे पाठवतो आणि तो परत येण्याची वाट पाहतो. मागे टेपरेकॉर्डरच जोडलेला नसला, तर परत यायचे कुठून? संचाचे दिवे लागलेले, काटे हलताहेत, आणि आवाज शून्य! घरातल्या लहान मुलाने हे बटण दाबले म्हणून संच तालुक्याला जाऊन आल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. तसेच ‘स्पीकर ए’ आणि ‘स्पीकर बी’ ही बटणे. तारा ‘ए’ला जोडलेल्या आणि बटण ‘बी’चे दाबलेले, असे होते. हेडफोनची पिन खोचलेली असली तरी पुष्कळ संचांत स्पीकर बंद होतात. कधी पिन काढल्यावरही आतली पत्ती गंजून अडकलेली राहते. संच बंद ठेवून पिन चार-सहा वेळा आत-बाहेर केली की ती सुटते. एकच बाजू बंद असेल तर ‘बॅलन्स’चे बटण मध्यावर आहे की नाही ते पाहावे. धूळ पुसताना ते सरकते.

बटणे सारी ठीक आहेत आणि तरीही डावी बाजू बोलत नाही. आता खरा तपास सुरू होतो. संच बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा. पाठीमागे स्पीकरच्या तारा जिथे जोडल्या आहेत तिथे डाव्याच्या तारा उजव्या टर्मिनलला आणि उजव्याच्या डाव्या टर्मिनलला लावा. तांबडी तांबड्याला, काळी काळ्याला. आणि उघड्या तारेचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला शिवता कामा नये. त्याने पेटीतले महाग भाग क्षणात जळतात. आता संच लावा. डावा स्पीकर अजूनही मुकाच असेल, तर पेटी निर्दोष आहे. दोष त्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे, कारण आता त्याला चांगल्या पाटाचे पाणी मिळत असूनही तो कोरडा आहे. पण डावा बोलू लागला आणि उजवा मुका झाला, तर स्पीकर आणि तारा निर्दोष. दोष टर्मिनलांच्या मागे, पाटाच्या वरच्या अंगाला आहे.

समजा, दोष वरच्या अंगाला निघाला. मग स्पीकरच्या तारा पूर्ववत लावा, आणि आता मोबाइलकडून किंवा सीडीकडून आलेल्या दोन पिना पेटीच्या बाजूला उलटसुलट करा, पांढरीच्या जागी तांबडी. मुकेपणा उजवीकडे गेला, तर पेटी पुन्हा निर्दोष ठरली. दोष बाहेरच्या यंत्रात किंवा त्या तारेत आहे. डावीकडेच राहिला तर मात्र तो पेटीत आहे. याहून सोपी एक चाचणी आहे. त्याच पेटीवर नभोवाणी लावून पाहा. नभोवाणी दोन्ही बाजूंना स्वच्छ येते आणि तबकडी एकाच बाजूला, असे असेल तर ॲम्प्लिफायरला दोष देण्याचे कारणच उरत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकदम केले आणि आवाज आला, तर तो कशाने आला हे कोण सांगणार? शिक्षक मंडळींना हे सांगायला नको. पण विज्ञानाच्या तासाला जे आपण मुलांना शिकवतो ते घरच्या रेडिओपाशी आलो की विसरतो, असा माझा अनुभव आहे.

आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेची गोष्ट सांगतो. गावाचे नाव नको. शाळेच्या सभागृहात असाच एक संच होता, आणि त्यावर इंग्रजी संभाषणाचे मुद्रित पाठ ऐकवत. त्या मुद्रणात प्रश्न विचारणारा डाव्या बाजूने बोलायचा आणि उत्तर देणारा उजव्या बाजूने. डावी बाजू बंद पडली, आणि पुढे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष मुले नुसती उत्तरे ऐकत होती! प्रश्न कोणता असेल ते बाई फळ्यावर लिहीत. एका दुरुस्तीवाल्याने पेटीचे झाकण उघडून पाहिले आणि आतला मुख्य भाग जळला आहे, तो आता मिळत नाही, नवा संच घ्या, असे सांगितले. नवा घ्यायला पैसे नव्हते. मग जडवस्तू नोंदवहीतून संच निर्लेखित करण्याचा ठराव तयार झाला. विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने मी तिथे गेलो होतो, तेव्हा आधी तारांची अदलाबदल करून पाहा, असे मी सुचवले. विज्ञानाच्या बाईंनी स्वतः ती केली. डावा स्पीकर मुकाच राहिला. म्हणजे पेटी निर्दोष. मग उजव्याची तार डाव्या स्पीकरला लावली, तर तो खणखणीत बोलू लागला. म्हणजे स्पीकरही निर्दोष. राहिली ती तार. ती भिंतीच्या कडेने बाकांच्या मागून नेलेली होती, आणि एका कोपऱ्यात उंदराने ती कुरतडली होती. बाहेरचे आवरण पाहून कुणाला शंका येऊ नये इतकी बेताने! दहा-बारा मीटर नवी तार आणली, आणि प्रश्नांना उत्तरे पुन्हा जोडली गेली.

तार संशयित असेल तर मल्टिमीटरने तपासता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत तो असतोच. स्पीकरची तार पेटीपासून सोडवून तिच्या दोन टोकांत रोध मोजावा. आठ ओहम लिहिलेला स्पीकर मीटरवर सुमारे सहा ओहम दाखवतो, चार ओहमचा सुमारे तीन. यात दोष काही नाही. लिहिलेला आकडा बदलत्या प्रवाहासाठीचा असतो आणि मीटर आपला सरळ प्रवाह वापरतो. काटा हललाच नाही तर तार तुटली आहे किंवा स्पीकरचे वेटोळे जळले आहे. शून्याच्या अगदी जवळ आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. अशा वेळी संच लावू नये.

आणखी एक तक्रार येते, तिची मला मोठी मौज वाटते. ‘‘दोन्ही स्पीकर चालू आहेत, पण आवाजात दमच नाही. ढोलकी ऐकू येत नाही, नुसता चिरका आवाज.’’ इथे बहुधा एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या असतात, तांबडी काळ्याला आणि काळी तांबड्याला. मग एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एक हवा दाबतो, दुसरा तीच ओढून घेतो, आणि खर्जाचे लांब तरंग एकमेकांना खाऊन टाकतात. दोन माणसे करवत ओढताना दोघांनी एकाच वेळी ढकलावी, तसला हा प्रकार. मोठ्या मुलांना हे प्रत्यक्ष दाखवता येते. स्पीकरची तार पेटीपासून सोडवा. दीड व्होल्टच्या साध्या सेलचे धन टोक तांबड्या तारेला आणि ऋण टोक काळीला क्षणभर टेकवा. मोठा पडदा पुढे आला तर जोडणी सरळ, मागे गेला तर उलट. दोन्ही स्पीकरांत तो एकाच दिशेला हलला पाहिजे, एवढेच. सेल टेकवून धरून ठेवू नये, टिचकी मारावी तसा टेकवावा.

याचाच एक भाऊबंद मोबाइलच्या पिनेत सापडतो. गाण्यातला गाणारा नाहीसा होतो आणि तबला, सतार, व्हायोलिन तेवढी ऐकू येतात. मुलांना ही भुताटकी वाटते. गाणाऱ्याचा आवाज मुद्रित करताना दोन्ही पाटांत सारखा सोडलेला असतो, म्हणून तो आपल्याला मधोमध ऐकू येतो. पिन अर्धवट खोचली किंवा तिची सामाईक तार तुटली, की दोन पाटांच्या बेरजेऐवजी वजाबाकी ऐकू येऊ लागते. जे दोहोंत सारखे ते शून्य, जे वेगळे ते शिल्लक. १९५० च्या दशकातले जुने, एकाच वाटेवर मुद्रित केलेले गाणे लावले तर जवळजवळ सारेच नाहीसे होते. पिन पूर्ण खोचावी, नाहीतर तार बदलावी. गाणारा परत येतो.

तबकडीयंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. त्याची सुई जो प्रवाह देते तो काही सहस्रांश व्होल्टचाच असतो, इतर यंत्रांच्या मानाने फारच क्षीण. म्हणून त्याच्यासाठी ‘फोनो’ नावाचे वेगळे सॉकेट असते. तबकडीयंत्र चुकून ‘ऑक्स’ला लावले तर आवाज बारीक आणि पातळ येतो, मोबाइल चुकून ‘फोनो’ला लावला तर फाटका आणि कर्कश. तबकडीयंत्राबरोबर एक सुटी बारीक तार येते, तीही पेटीवरच्या खुणेच्या स्क्रूला जोडायची असते. ती मोकळी लोंबत राहिली की घुमणे आलेच.

या घुमण्याकडे आता वळू. संच लावला की ‘घूंऽऽ’ असा एकसुरी आवाज येतो. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. पेटीतला वीजपुरवठा ती सरळ करतो तेव्हा आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून त्याचा उरलेला थरथराट सेकंदाला १०० वेळा होतो. बाहेरून तारेतून शिरलेले घुमणे मात्र बहुतेक ५० चेच असते. या दोहोंत बरोबर एका सप्तकाचे अंतर! ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे त्याला हा फरक लगेच कळेल. ज्याला तो कळत नाही त्याने व्हॉल्यूम पार खाली करावा. घुमणे तसेच राहिले तर ते व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातले आहे, आणि दोन्ही बाजूंना सारखे असेल तर वीजपुरवठ्यातले मोठे कपॅसिटर थकले असण्याचा संभव फार. ते काम कारागिराचे. पण व्हॉल्यूमबरोबर घुमणेही कमी झाले, तर ते बाहेरून येत आहे. मग मागच्या पिना एकेक करून काढाव्यात. जी काढल्यावर घुमणे थांबेल तीच गुन्हेगार. टीव्ही जोडलेला असेल तर छपरावरच्या डिशची केबल काढून पाहावी. पेटीला एक अर्थिंग डिशकडून आणि दुसरे संगणकाकडून मिळाले, की दोघांच्या मधे एक वेढा तयार होतो आणि त्यात घुमणे शिरते. सारी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवली तर पुष्कळदा ते जाते. साध्या, चौकोनी तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरवर संच चालवला तरीही घुमतो. तिथे वीज येईपर्यंत थांबावे.

इथे एक गोष्ट मी फार कळकळीने सांगणार आहे. हा अर्थिंगचा वेढा तोडायला एक सोपी युक्ती गावोगाव चालते : तीन पिनांच्या प्लगातली वरची जाड पिन काढून टाकायची, किंवा आतली हिरवी तार कापायची. घुमणे खरोखर थांबते. म्हणून तर ती युक्ती पसरली. पण त्याच क्षणी त्या यंत्राच्या लोखंडी पेटीचा एकुलता एक पहारेकरी आपण काढून टाकलेला असतो. उद्या आत एखादी तार सुटून पेटीला टेकली, तर पेटी २३० व्होल्टवर उभी राहील. फ्यूज उडणार नाही, दिवा लागणार नाही, कुणाला काही कळणार नाही. कळेल ते तिला हात लावणाऱ्याला. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले शाळेतले मूल माइक धरायला पुढे येते, त्या चित्राचा विचार करावा. घुमणारा संच परवडतो. तेव्हा शाळेतल्या ॲम्प्लिफायरच्या, संगणकाच्या प्लगची वरची पिन जागेवर आहे ना, आणि ज्या सॉकेटमध्ये तो खोचता त्याला खरे अर्थिंग आहे ना, हे आजच वायरमनकडून तपासून घ्या. संच चांगला वाजत असला तरी! घरच्या काही रिसीव्हरांचा प्लग मुळातच दोन पिनांचा असतो. ते वेगळे, त्यांची आतली रचनाच तशी केलेली असते.

खरखर ही निराळी. बटण फिरवताना होत असेल तर त्या बटणाखालच्या काजळीच्या पट्टीवर धूळ बसली आहे, दुसरे काही नाही. प्लग काढून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे. बरेचदा एवढ्याने भागते. न भागल्यास विजेच्या सांध्यांसाठी मिळणारा फवारा कारागिराकडून मारून घ्यावा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल कदापि घालू नये. चार दिवस बरे वाटते, मग त्या तेलावर धुळीचा चिखल होतो. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढतो, तोही वर्षातून एकदा कोरड्या सुती फडक्याने पुसावा.

एका बाजूचा आवाज कमी होत होत नाहीसा होतो आणि व्हॉल्यूम क्षणभर वाढवला की परत येतो, असेही एक लक्षण आहे. संच लावल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो तो ऐकला असेल. तो रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, स्पीकरांना जोडणारा. त्याची टोके काळवंडली की असे होते. कारागिराला एवढे सांगितले तरी त्याचा अर्धा दिवस वाचेल.

नभोवाणीवरची खरखर बहुधा संचाची नसतेच. मध्यम लहरींवर केंद्र लावले आणि कर्रकर्र ऐकू आली, तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करावेत. यांतले हलक्या प्रतीचे जे असतात ते स्वतःच एक छोटेसे उपद्रवी प्रक्षेपण केंद्र चालवत असतात. एफ.एम.वर ‘सूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर ‘मोनो’चे बटण दाबून पाहावे. स्टिरिओ एफ.एम.ची जी पद्धत अमेरिकेत १९६१ साली सुरू झाली, तिच्यात डाव्या-उजव्याची बेरीज मुख्य वाटेने येते आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या एका उपवाहक लहरीवर बसून येते. केंद्र दूर असले की या वजाबाकीतच खरखर फार शिरते. मोनो केले की संच ती सोडून देतो, बेरीज तेवढी ठेवतो, आणि आवाज निवळतो. एरियल म्हणून दीड मीटर लांबीची तार पुरते. शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर, तिच्या निम्मी! मधोमध तोडून तिथून दोन तारा संचाकडे न्यायच्या आणि ती केंद्राच्या दिशेला आडवी, भिंतीवर उंच ताणायची. रेषेचे टोक नव्हे, पाठ केंद्राकडे असावी.

मोठ्या आवाजात फाटणाऱ्या संचाबद्दल बोलायचे तर दोष पुष्कळदा वापरणाऱ्या हाताचा असतो. गणपतीत घरचा संच मांडवात जातो आणि त्याला चार-चार स्पीकर लटकतात. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन. पेटीला तेवढा प्रवाह देववत नाही. ती तापते, आणि शहाणी असेल तर आपणच बंद पडते. बटण शेवटपर्यंत पिळले की तरंगांचे माथे सपाट कापले जातात, आणि त्याने पहिल्यांदा जळतो तो उंच स्वरांचा छोटा स्पीकर. लोकांना वाटते संच लेचापेचा निघाला. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाल्यावर वीज मंदावते, तेव्हाही आवाज फाटतो. आणि हो, पेटी बदलण्यापूर्वी कपाटावरची भांडी, खिडकीची सैल काच आणि भिंतीवरची तसबीर एकदा हाताने दाबून पाहावी. खर्जाच्या सुराला यांपैकी एखादे साथ करत असते.

पेटीचे झाकण मात्र घरी उघडू नये. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले राहतात. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घालावा. चांदीचा कागद गुंडाळून काम चालवले तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. परदेशातून आलेल्या संचाच्या पाठीशी ११० आणि २२० अशी एक खिट्टी असते. ती कुठे आहे हे जोडण्यापूर्वी पाहावे, कारण अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि जपानात १०० ची.

संच न्यावाच लागला, तर त्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी. ‘बंद आहे’ एवढेच नव्हे. असे लिहावे : ‘डावीकडचा आवाज येत नाही. स्पीकरच्या तारा बदलून पाहिल्या. मुकेपणा उजवीकडे गेला. मागच्या पिना बदलल्या, फरक नाही. नभोवाणीवरही तसेच. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू ऐकू येतात.’ एवढे वाचल्यावर जाणता कारागीर झाकण उघडण्यापूर्वीच रिलेकडे बोट दाखवील. आणि न जाणत्यालाही मुख्य भाग जळला असे सांगताना जरा विचार करावा लागेल. चिठ्ठीची एक प्रत घरी ठेवावी, आणि संच परत आला की त्याच चाचण्या त्याच क्रमाने दुकानातच करून घ्याव्यात, पैसे देण्यापूर्वी.